लसावि-मसावि मूळ अवयवांवरून कसे काढायचे आणि पोरं नेमकी कुठे अडकतात

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी सातवीत आहे, मूळ अवयव तिला नीट पाडता येतात, दोन संख्या असल्या की मसावि (महत्तम साधारण विभाजक, म्हणजे सगळ्यांना भागणारी मोठ्यात मोठी संख्या) आणि लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य, म्हणजे सगळ्यांनी भाग जाणारी लहानात लहान संख्या) दोन्ही बरोबर येतात, पण तीन संख्या आल्या की लसावि भलताच मोठा येतो, आणि शाब्दिक उदाहरणात मसावि काढायचा का लसावि हेच तिला कळत नाही. शिवाय 'दोन संख्यांचा गुणाकार = मसावि × लसावि' हे सूत्र तिने तीन संख्यांना लावलं आणि उत्तर चुकलं, ते का, हेही तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं स्कॉलरशिपची आणि नंतर पोलीस भरती, तलाठी वगैरेची पोरं शिकवतोय, आणि खरं सांगू का, भरतीची तयारी करणारे पदवीधर पण ह्याच तीन ठिकाणी अडकतात, त्यामुळे तिला गणित येत नाही असं अजिबात समजू नका.

आधी लसावि मोठा का येतो ते बघू. १२, २० आणि ३० घ्या. १२ = २×२×३, २० = २×२×५, ३० = २×३×५. आता मुलांना जे वाक्य पाठ असतं ते म्हणजे 'सामाईक अवयव एकदा घ्या आणि उरलेले सगळे घ्या, झाला लसावि'. तिघांत सामाईक काय तर एक २. उरले काय तर १२ चे २ आणि ३, २० चे २ आणि ५, ३० चे ३ आणि ५. सगळे गुणले की २×६×१०×१५ = १८००. आणि खरा लसावि आहे ६०! म्हणजे तीसपट मोठं उत्तर. तिने हिशोब कुठेच चुकवला नाही, वाक्यच दोन संख्यांपुरतं होतं. दोन संख्यांत अवयव एक तर दोघांत असतो नाही तर एकाच्यात असतो, तिसरा प्रकार नसतो. तीन संख्यांत मात्र 'तिघांपैकी दोघांत आहे' असा प्रकार निघतो आणि तो ह्या वाक्यात कुठे बसवायचा हे कोणी सांगतच नाही, मग पोरं त्याला 'उरलेले' मध्ये ढकलतात आणि तो दोनदा मोजला जातो.

म्हणून मी ते वाक्य सोडायलाच लावतो. त्याऐवजी एकच प्रश्न विचारायचा, हा मूळ अवयव प्रत्येक संख्येत किती वेळा आहे? कागदावर वर २, ३, ५ असे कॉलम करा, खाली प्रत्येक संख्येची एक ओळ. १२ च्या ओळीत २ दोनदा, ३ एकदा, ५ नाही म्हणून शून्य. २० मध्ये २ दोनदा, ३ शून्य, ५ एकदा. ३० मध्ये तिन्ही एकेकदा. शून्य लिहायचा कंटाळा करू देऊ नका, निम्म्या चुका त्या न लिहिलेल्या शून्यातून येतात. आता मसाविसाठी प्रत्येक कॉलममधला सगळ्यात लहान आकडा घ्यायचा, लसाविसाठी सगळ्यात मोठा. लहान आकडे आले १, ०, ० म्हणजे मसावि फक्त २. मोठे आले २, १, १ म्हणजे लसावि २×२×३×५ = ६०. संख्या तीन असोत का सात, पद्धत बदलत नाही.

पण हेही पाठ करून घेतलं तर महिन्याभरात लहान-मोठं उलटं होणार, तेव्हा ते तसं का हे तिच्या डोक्यात बसवा. एखादी संख्या दुसरीला पूर्ण भागते म्हणजे काय, तर पहिलीचे सगळे मूळ अवयव, जितक्या वेळा आहेत तितक्या वेळा, दुसरीच्या अवयवांत सापडतात. बास, एवढंच. १२ ने ६० ला भाग जातो कारण ६० मध्ये दोन २ आणि एक ३ आहेत. १२ ने ३० ला जात नाही कारण ३० मध्ये २ एकदाच आहे, दुसरा आणायचा कुठून. मुलांना मी सामानाच्या यादीचं सांगतो: एका भाजीला २ कांदे लागतात आणि दुसरीला ३, आणि पाहुणे आल्यावर दोनपैकी कुठली भाजी करायची हे अजून ठरलं नाही, तर कांदे किती आणून ठेवायचे? पोरं लगेच ३ म्हणतात, ५ कोणी म्हणत नाही. लसाविचं नेमकं तेच आहे, ह्यातली कुठलीही संख्या 'बनवता' आली पाहिजे आणि जास्तीचं काही नको, म्हणून सगळ्यात मोठा आकडा, बेरीज नाही. आणि मसाविला दोघांकडे हमखास सापडेल तेवढंच घ्यायचं, म्हणून सगळ्यात लहान.

आता जरा मोठ्या संख्या घेऊ म्हणजे ह्या तक्त्यातून आणखी काय काय निघतं ते दिसेल. ३६० = २×२×२×३×३×५ आणि ७५६ = २×२×३×३×३×७. मसावि आला २×२×३×३ = ३६. लसावि आला २ तीनदा, ३ तीनदा, ५ आणि ७, म्हणजे ८×२७×३५ = ७५६०. ह्यानंतर परीक्षेत हमखास विचारतात की ह्या दोन संख्यांचे सामाईक विभाजक किती, आणि मुलं दोन्ही संख्यांचे सगळे विभाजक लिहीत बसतात, पान भरून जातं आणि त्यात दोन-तीन राहूनही जातात. अहो, सामाईक विभाजक म्हणजे मसाविचेच विभाजक, वेगळं काही नाही! ३६ मध्ये २ दोनदा आहे, म्हणजे विभाजक करताना २ घ्यायचाच नाही, एकदा घ्यायचा किंवा दोनदा घ्यायचा असे तीन पर्याय, ३ चेही तीन, एकूण ३×३ = ९. मोजून बघा: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६. तसंच सामाईक विभाज्य म्हणजे लसाविच्याच पटी. तीन अंकी किती संख्यांना १२ आणि १८ दोन्हींनी भाग जातो? लसावि ३६. ९९९ पर्यंत ३६ च्या २७ पटी, त्यातल्या ९९ पर्यंतच्या २ सोडल्या की २५. इथे बरेच जण १२×१८ = २१६ च्या पटी मोजतात आणि ४ उत्तर काढतात, आणि पर्यायांत ४ बहुतेक दिलेलाच असतो, पेपर काढणाऱ्याला पण सगळं माहीत असतं.

आता ते सूत्र. दोन संख्यांना का चालतं? तक्त्यात प्रत्येक कॉलममध्ये दोनच आकडे असतात, एक लहान, एक मोठा. लहान मसाविकडे गेला, मोठा लसाविकडे गेला, मागे काही उरलंच नाही, मग गुणाकार बरोबर जुळणारच. (दोन्ही आकडे सारखे असले तरी एक इकडे, एक तिकडे.) तीन संख्यांत काय होतं, लहान मसाविकडे, मोठा लसाविकडे आणि मधला आकडा कुणाच्याच वाट्याला येत नाही. १२, १८, ३० घ्या. मसावि ६, लसावि १८०, दोघांचा गुणाकार १०८०. पण १२×१८×३० = ६४८०. बरोबर ६ पट फरक पडला, तो ६ कुठून आला? २ च्या कॉलममध्ये आकडे २, १, १ आहेत, मधला १ राहिला. ३ च्या कॉलममध्ये १, २, १, तिथेही मधला १ राहिला. ५ च्या कॉलममध्ये ०, ०, १, मधला शून्य. राहिलेले २×३ = ६. हे उदाहरण तिच्याकडून हाताने करून घ्या, 'सूत्र तीन संख्यांना लागू नाही' अशी टीप पाठ करण्यापेक्षा हे एकदा दिसलं की परत विसरत नाही.

आणि ह्याचाच एक चुलतभाऊ आहे तोही लक्षात ठेवा. ६, १०, १५ ह्यांचा मसावि १ आहे, म्हणून लसावि तिघांचा गुणाकार म्हणजे ९०० असं वाटतं, पण तो आहे फक्त ३०. तिघांचा मिळून मसावि १ असणं वेगळं आणि प्रत्येक जोडी सहमूळ (म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेली) असणं वेगळं, ६ आणि १० मध्ये २ सामाईक आहेच ना.

शाळेत ती उभी मांडणी करत असेल, डावीकडे मूळ संख्या लिहून भागत जायचं ती, तर तीही चांगलीच आहे, फक्त मसावि आणि लसावि ह्यांचे थांबायचे नियम वेगळे आहेत. मसाविला सगळ्या संख्यांना भाग जाईल तोपर्यंतच भागायचं. लसाविला निदान दोघींना भाग जातोय तोपर्यंत भागत राहायचं, जिला जात नाही ती तशीच खाली उतरवायची, आणि शेवटी डावीकडचे भाजक आणि खाली उरलेले आकडे सगळे गुणायचे. पोरं लसाविला पण 'तिघींना जात नाही' म्हणून मध्येच थांबतात, आणि १२, २०, ३० ला २ ने एकदा भागून थांबलं की परत तेच १८००.

शाब्दिक उदाहरणांबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'मोठ्यात मोठी असं दिसलं की मसावि, लहानात लहान दिसलं की लसावि' हे जे शिकवतात ना, ते बंद केलं पाहिजे. कारण हे बघा, 'चार अंकी मोठ्यात मोठी संख्या सांगा जिला १२, १५ आणि १८ ने पूर्ण भाग जातो.' मोठ्यात मोठी लिहिलंय पण इथे लसाविच लागतो. १८० आला, ९९९९ ला १८० ने भागलं, ५५ पूर्ण भाग गेले, १८०×५५ = ९९०० उत्तर. शब्द बघायचा नाही, कोण कोणाला भागतंय ते बघायचं. जी संख्या शोधायची आहे ती दिलेल्या संख्यांना भागत असेल तर मसावि. दिलेल्या संख्या तिला भागत असतील तर लसावि.

ह्या कसोटीवर फरशीचं उदाहरण लावा. हॉल ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब आणि ४ मीटर २० सेंटिमीटर रुंद, न कापता चौरस फरशा बसवायच्या, मोठ्यात मोठी फरशी केवढी? फरशी खोलीला भागते, म्हणजे मसावि. ५४० = २×२×३×३×३×५, ४२० = २×२×३×५×७, मसावि ६०. म्हणजे ६० सेंटिमीटरची फरशी, लांबीत ९, रुंदीत ७, एकूण ६३. (मीटरमध्ये ठेवून अवयव पाडायला जाऊ नका, ५.४ चे अवयव कसले पाडणार, आधी सगळं सेंटिमीटरमध्ये करा.) आणि गाड्यांचं घ्या, स्टँडवरून तीन मार्गांच्या एसट्या दर २४, ३६ आणि ४० मिनिटांनी सुटतात, सकाळी ८ ला तिन्ही एकदम सुटल्या, तर रात्री ८ पर्यंत एकूण किती वेळा एकदम सुटतील? जी वेळ शोधायची तिला २४, ३६, ४० भागतात, म्हणजे लसावि. तो ३६० मिनिटं, सहा तास. आणि उत्तर २ नाही हां, ३, कारण ८ वाजताची पहिली वेळही 'एकूण' मध्ये येते. हे गणित कमी आणि वाचन जास्त आहे.

बाकीची उदाहरणं पण ह्यातच बसतात. १२, १५, १८ ने भागल्यावर दर वेळी बाकी ७, तर लसावि १८० च्या कुठल्याही पटीत ७ मिळवा, १८७ वगैरे. बाकी अनुक्रमे ८, ११, १४ अशी वेगवेगळी असेल तर घाबरायचं नाही, भाजकातून बाकी वजा करून बघायची, १२−८, १५−११, १८−१४, तिन्हीकडे ४ च येतात, म्हणजे संख्या १८० ला ४ कमी, १७६. मसाविकडचा प्रकार असा, १४९ आणि २२१ ला भागून दोन्हीकडे ५ उरवणारी मोठ्यात मोठी संख्या कोणती? ५ वजा करा, १४४ आणि २१६ चा मसावि ७२. आणि 'बाकी समान उरते' एवढंच सांगून बाकी किती हे सांगितलं नाही तर संख्यांचे फरक घ्यायचे, कारण वजाबाकीत बाकी उडून जाते. ६५, ११३, २३३ चे फरक ४८, १२०, १६८, त्यांचा मसावि २४, आणि बघा, २४ ने तिघांनाही भागलं की १७ च उरतात.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारा प्रकार, उलटा. मसावि १२ आणि लसावि ३६० दिलाय, अशा संख्यांच्या जोड्या किती? ३६० भागिले १२ = ३० = २×३×५. दोन्ही संख्यांत १२ तर आहेच, वर हे २, ३, ५ दोघींत वाटायचे आहेत, पण एकच मूळ अवयव दोघींना थोडा थोडा द्यायचा नाही, दिला तर तो सामाईक होऊन मसावि वाढेल. प्रत्येक अवयव अख्खा एकीकडेच. म्हणून वाटणी १ व ३०, २ व १५, ३ व १०, ५ व ६, अशा चार जोड्या: १२ व ३६०, २४ व १८०, ३६ व १२०, ६० व ७२. भागाकार ३० ऐवजी ३६ आला असता तर? ३६ = २×२×३×३, मूळ अवयव दोनच, प्रत्येक अख्खा एकीकडे, म्हणून १ व ३६ आणि ४ व ९ एवढ्या दोनच. २ व १८ किंवा ६ व ६ धरायचं नाही. आणि मसावि १६, लसावि ३६० असं दिलं तर? अशी जोडीच नसते, कारण मसाविने लसाविला पूर्ण भाग गेलाच पाहिजे आणि ३६० ला १६ ने जात नाही. ही तपासणी रोजच्या उदाहरणांत पण करायला लावा, त्याच्यासोबत दुसरी म्हणजे मसावि कधी सगळ्यात लहान संख्येपेक्षा मोठा येत नाही आणि लसावि कधी सगळ्यात मोठीपेक्षा लहान येत नाही. दहा सेकंदांचं काम आहे.

अवयव पाडतानाच चूक होत असेल तर बहुतेक ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३, १४३, २२१ असल्या संख्या नडत असतात, दिसायला मूळ वाटतात पण ५१ = ३×१७, ५७ = ३×१९, ८७ = ३×२९, ९१ = ७×१३, ११९ = ७×१७, १३३ = ७×१९, १४३ = ११×१३, २२१ = १३×१७. कुठपर्यंत भागून बघायचं ह्याला हद्द आहे, संख्येच्या वर्गमुळापर्यंत. २२१ हे १५ च्या वर्गापेक्षा म्हणजे २२५ पेक्षा लहान, म्हणजे १३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. ३९७ हे २० च्या वर्गाच्या आत, १९ पर्यंत कोणीच भागत नाही, म्हणजे ती मूळ.

१३ आणि १७ वरून आठवलं म्हणून सांगतो. अमेरिकेत सिकाडा नावाचे किडे आहेत, आवाजाने आपल्या रातकिड्यांची आठवण येईल असे, त्यांच्या काही जाती १७ वर्षांनी आणि काही १३ वर्षांनीच जमिनीतून बाहेर येतात. दोन्ही मूळ संख्या, सामाईक काही नाही, म्हणून अशा दोन ठराविक टोळ्या एकाच वर्षी यायला १३×१७ = २२१ वर्षं लागतात. २०२४ मध्ये अशा दोन टोळ्या एकदम आल्या, त्याच्या आधी त्या दोघी एकत्र आल्या होत्या १८०३ मध्ये. मशीनवाले हीच युक्ती गिअरमध्ये करतात. २४ आणि ३६ दात्यांची चाकं घेतली तर लसावि ७२, म्हणजे लहान चाकाच्या तीनच फेऱ्यांत तोच दाता त्याच दात्याला परत भिडतो आणि एखादा दाता खराब असला तर ठराविक जागीच झीज होते. २३ आणि ३६ घेतले तर लसावि ८२८, लहान चाकाच्या ३६ फेऱ्या, तोपर्यंत प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला भेटून येतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, मूळ अवयवांची पद्धत मोठ्या संख्यांना त्रासदायक आहे. २०२१ आणि २४९१ चा मसावि काढा म्हटलं तर अवयव पाडताना ४३ पर्यंत चाचपडावं लागतं. तिथे युक्लिडची भागाकाराची पद्धत वापरायची, इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासची आहे आणि अजून कम्प्युटर तीच वापरतात. मोठ्याला लहानाने भागा, बाकीने मग त्या लहानाला भागा, असंच पुढे. २४९१ मधून २०२१ गेले, बाकी ४७०. २०२१ ला ४७० ने भागलं, बाकी १४१. ४७० ला १४१ ने, बाकी ४७. १४१ ला ४७ ने, बाकी शून्य. मसावि ४७, तीन-चार ओळींत. आणि मजा म्हणजे ४७ हातात आला की अवयव आपोआप पडतात, २०२१ = ४३×४७, २४९१ = ४७×५३, मग लसावि ४३×४७×५३ = १०७११३. आपल्याकडे आर्यभटाच्या कुट्टकात, म्हणजे बाक्यांवरून संख्या शोधायच्या त्याच्या पद्धतीत पण असंच एकामागून एक भागत जाणं आहे.

सरावाचं म्हणाल तर रोज वीस उदाहरणं नकोत. आठवडाभर तिला फक्त तीन-तीन संख्यांचे तक्ते करू दे, शून्यासकट. मग शाब्दिक उदाहरणं द्या पण सोडवायला नाही, फक्त 'कोण कोणाला भागतंय' एवढंच तोंडी सांगायचं. मग उलटा प्रकार. पहिलं म्हणून हे द्या: मसावि १५, लसावि ६३०, जोड्या शोध. चार आल्या पाहिजेत आणि त्यात ९० व १०५ ही जोडी असली पाहिजे. ३० व ३१५ सापडली पण ९० व १०५ नाही सापडली, तर ती अजून अंदाजाने करतेय, ४२ चे अवयव पाडून वाटत नाहीये, मग परत वाटणीवरच या.